कुष्ठरुग्णांचे मित्र : राऊल फोलेरो

हल्ली कॅलेंडरमध्ये 'दिन' नसलेला दिवस शोधावा लागतो. पाण्याचा दिन, झाडांचा दिन, हृदयाचा दिन, डोळ्यांचा दिन. शाळेत फलक लागतो, वर्तमानपत्रात एक लेख येतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा दिन सुरू होतो. यातले बरेचसे दिन मोठ्या संस्थांच्या बैठकीत ठरले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची घटना 7 एप्रिल 1948 रोजी अंमलात आली, म्हणून 7 एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे 24 मार्च 1882 रोजी जाहीर केले, म्हणून तो क्षयरोग दिन. 1 डिसेंबरचा एड्स दिन 1988 पासून पाळला जातो, तोही आरोग्य संघटनेच्याच कचेरीत सुचलेला. आपल्या ख्रिस्तसभेनेही असे दिवस दिले आहेत. पोप पायस अकरावे यांनी 1926 मध्ये मिशन रविवार सुरू केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी लूर्द मातेच्या सणाचा दिवस, 11 फेब्रुवारी, हा जागतिक रुग्ण दिन म्हणून 1992 मध्ये जाहीर केला आणि 1993 पासून आपण तो पाळत आलो आहोत.

परंतु जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार हा जागतिक कुष्ठरोग दिन मात्र कुठल्याही बैठकीत ठरला नाही. तो एका प्रापंचिक माणसाने सुरू केला. हा माणूस धर्मगुरू नव्हता, डॉक्टर नव्हता, मंत्री नव्हता. तो व्याख्याने देणारा, कविता आणि नाटके लिहिणारा एक फ्रेंच लेखक होता. त्याचे नाव राऊल फोलेरो. आपल्याकडे फादर डेमियन यांचे नाव घराघरांत ठाऊक आहे. मोलोकाय बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करता करता तोच रोग जडून 1889 मध्ये त्यांनी देह ठेवला आणि 2009 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. फोलेरो यांचे नाव मात्र त्यांनीच सुरू केलेल्या रविवारीसुद्धा क्वचितच घेतले जाते. म्हणून आज त्यांची थोडी ओळख करून घेऊ या.

राऊल फोलेरो यांचा जन्म 17 ऑगस्ट 1903 रोजी फ्रान्समधील नेव्हेर या गावी झाला. लूर्दची संत बर्नाडेट ज्या मठात व्रतस्थ म्हणून राहिली आणि 1879 मध्ये जिथे मरण पावली, तो मठ याच गावात आहे. राऊल अकरा वर्षांचे होण्याच्या सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाले. 1917 मध्ये त्यांचे वडील रणांगणावर कामी आले. त्या वयात वडिलांचे छत्र हरपणे म्हणजे काय, हे ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनाच कळते. मुलगा मात्र बोलका होता, धीट होता. पंधराव्या वर्षी तो गावात लोकांसमोर उभा राहून भाषण करू लागला होता. सतरा वर्षांचा असताना त्याचे पहिले पुस्तक निघाले. पुढे तत्त्वज्ञान आणि कायदा असे दोन्हींचे शिक्षण घेऊन ते वकील झाले, पण वकिलीत मन रमले नाही. पॅरिसला जाऊन त्यांनी वर्तमानपत्रात काम धरले.

1925 मध्ये मादलेन बुदू या मुलीशी त्यांचा विवाह झाला. दोघांची ओळख किशोरवयातली. या दांपत्याला मूल झाले नाही. पुढे राऊल यांनी जगभर जी पायपीट केली, तीत मादलेनबाई बरोबर असत. फोलेरो यांच्यावरच्या लेखांत बाईंचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे बरोबर वाटत नाही. स्वतःचे घर म्हणावे असे फारसे काही नसताना बोटीत, मोटारीत, रेल्वेत आणि कुष्ठरुग्णांच्या वसाहतींमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षे काढणे ही गोष्ट एकट्या नवऱ्याच्या मर्जीने होत नसते.

तरुण फोलेरो यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लॅटिन संस्कृतीच्या रक्षणासाठी त्यांनी विशीतच एक संघटना काढली होती आणि त्यांचे राजकारण चांगलेच उजव्या वळणाचे होते. 1940 मध्ये जर्मनीपुढे फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हा शरणागती पत्करणारे मार्शल पेतां यांचे त्यांनी सुरुवातीला कौतुक केले. इतिहासकारांनी याबद्दल त्यांना दोष दिला आहे. दुसरीकडे हिटलरच्या मूर्तिपूजक राष्ट्रवादावर त्यांनी कडक लिहिले होते आणि त्यापायी जर्मनांची नजर त्यांच्यावर होती. माणूस एकाच वेळी एका बाबतीत चुकतो आणि दुसऱ्या बाबतीत बरोबर असतो. त्यांच्या चरित्रातून ही पाने फाडून टाकण्याची गरज नाही.

खरी कलाटणी मिळाली ती त्याआधी, 1936 च्या सुमारास. फोलेरो एका दक्षिण अमेरिकन वर्तमानपत्रासाठी लेखमाला लिहायला आफ्रिकेत गेले होते. विषय होता फादर शार्ल द फुको. सहारा वाळवंटात एकट्याने राहून प्रार्थना आणि सेवा करणारे हे धर्मगुरू 1916 मध्ये तामनरासेत येथे मारले गेले. (15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच विधीत आपल्या भारताचे देवसहायम पिल्लई हेही संत म्हणून घोषित झाले.) फुकोंच्या पाऊलखुणा शोधत फोलेरो फिरत होते. एका ठिकाणी मोटारीचे इंजिन तापले आणि पाणी घालण्यासाठी थांबावे लागले. तेवढ्यात भोवतालच्या झुडपांतून काही चेहरे दिसू लागले. घाबरलेले, भुकेले चेहरे. फोलेरो यांनी त्यांना जवळ बोलावले, तर काही जण पळाले आणि काही जण जागच्या जागी थिजले. त्यांनी वाटाड्याला विचारले की ही माणसे कोण. वाटाड्या म्हणाला, कुष्ठरोगी आहेत. मग ती इथे रानात का, गावात का नाहीत, असे विचारले, तर उत्तर तेच मिळाले. त्यांच्यावर कोणी उपचार करते का, हा तिसरा प्रश्न होता. वाटाड्याने खांदे उडवले आणि तो तिथून निघून गेला.

गाडी पुढे निघाली, पण त्या माणसांना कुष्ठरोग आहे एवढ्या एका उत्तरात सगळ्या प्रश्नांची उत्तरे संपतात, ही गोष्ट फोलेरो यांच्या मनातून गेली नाही. रोगापेक्षा ते उत्तर त्यांना भयंकर वाटले. त्यांनी पुढे जे काही केले, त्या सगळ्याचे मूळ तिथे आहे.

काम हाती यायला मात्र आणखी काही वर्षे लागली, आणि तीही युद्धाच्या धामधुमीत. जर्मनांपासून लपण्यासाठी फोलेरो यांनी लिऑं शहराजवळ व्हेनिसिये येथील एका मठात आसरा घेतला. 'प्रेषितांच्या मातेच्या' नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी भगिनींचा तो मठ. तिथे ते बागकाम आणि पडेल ती कामे करत राहिले. या संघाच्या प्रमुख होत्या मदर युजेनिया राव्हासियो. मूळच्या इटलीच्या, तरुण वयातच संघाच्या प्रमुखपदी निवडल्या गेलेल्या. मदर युजेनियांनी आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट येथे एक बेट पाहिले होते, तिथे कुष्ठरुग्णांना नेऊन टाकले जात असे. टाकले जात असे हाच शब्द योग्य आहे, कारण तिथे ना धड निवारा होता ना औषध. मदरांच्या मनात एक वेगळेच गाव होते. जंगलात आदझोपे या ठिकाणी जागा साफ करून घरे बांधायची, दवाखाना आणि कामाच्या शाळा काढायच्या, आणि त्या गावात कुष्ठरुग्णांनी इतर गावकऱ्यांसारखे मोकळे राहायचे, भिंतीआड नव्हे. योजना तयार होती, पैसा नव्हता, आणि जग लढाईत गुंतले होते.

फोलेरो यांनी मदरांना सांगितले की तुम्ही गाव बांधा, पैशांचे मी पाहतो. 15 एप्रिल 1943 रोजी आन्सी या गावी त्यांनी आदझोपेसाठी पहिले व्याख्यान दिले. पुढची दहा वर्षे ते गावोगाव बोलत राहिले. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडा, उत्तर आफ्रिका. एकूण व्याख्याने बाराशेच्या घरात गेली. सभागृहे, शाळा, चर्चचे हॉल, जिथे जागा मिळेल तिथे. टेबलावर ताटे ठेवलेली असत आणि लोक जाताना त्यात पैसे टाकत. आपल्याकडे मिशन रविवारी पाकिटे गोळा होतात, तसलाच हा प्रकार. या पैशांतून आदझोपेचे गाव उभे राहिले.

याच काळातल्या त्यांच्या दोन कल्पना सांगण्यासारख्या आहेत. प्रत्येकाने वर्षातून निदान एका तासाची कमाई गरिबांसाठी द्यावी, अशी एक. ज्याचा तास दहा रुपयांचा त्याने दहा, ज्याचा हजाराचा त्याने हजार. दुसरी नाताळची. फ्रान्समध्ये मुले नाताळच्या रात्री शेगडीपाशी आपले बूट ठेवतात आणि सकाळी त्यात भेटवस्तू सापडते. फोलेरो यांनी मुलांना सुचवले की आपल्या दोन बुटांशेजारी तिसरा बूट ठेवा, जो मुलगा उपाशी आहे त्याच्यासाठी. या उपक्रमाला त्यांनी फादर द फुको यांचे नाव दिले. या कल्पना साध्या होत्या, म्हणूनच पसरल्या. फोलेरो यांच्याजवळ संस्था चालवण्याची हातोटी किती होती, हे सांगता येत नाही, पण सामान्य माणसाला जमेल एवढेच मागायचे, हे त्यांना नेमके साधले होते.

आता रोगाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय त्यांचे म्हणणे नीट कळणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी 1873 मध्येच शोधला होता. म्हणजे हा शाप नाही, पाप नाही, वंशाचा रोग नाही, तो एका जंतूमुळे होतो, हे तेव्हापासून ठाऊक होते. पण औषध नव्हते. कित्येक वर्षे कडू कवठाच्या जातीच्या बियांचे तेल रुग्णांना टोचत. त्याने वेदना भरपूर आणि गुण बेताचा. 1941 मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथील रुग्णालयात सल्फोन जातीच्या औषधाने गुण येतो असे दिसले आणि थोड्याच वर्षांत डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या. माणूस बरा होऊ शकतो, हे इतिहासात प्रथमच शक्य झाले.

आणि तरीही वसाहतींचे दरवाजे बंदच राहिले. काही ठिकाणी तारांचे कुंपण, काही ठिकाणी पहारेकरी. पन्नाशीच्या दशकात जगात एक कोटीहून अधिक कुष्ठरुग्ण असावेत असा अंदाज होता आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत एकही गोळी पोहोचली नव्हती. फोलेरो हे सारे डोळ्यांनी पाहत हिंडत होते. औषध निघाले की भीती जाईल, हा सगळ्यांचाच समज खोटा ठरला होता. जंतूवर गोळी होती. निरोगी माणसाच्या मनातल्या भीतीवर कोणती गोळी द्यायची?

1952 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांसारखेच कायद्याचे संरक्षण मिळावे, तुरुंगासारख्या वसाहती बंद होऊन त्या जागी दवाखाने यावेत, अशी मागणी होती. मे 1954 मध्ये फ्रान्सच्या लोकसभेने या मागणीला पाठिंबाही दिला. परंतु सरकारी कागद कसे चालतात, हे आपल्याला सांगायला नको. फोलेरो कागदाची वाट पाहत बसले नाहीत. सरकारांना जे जमत नव्हते, ते त्यांनी रविवारी मिस्साला येणाऱ्या माणसांकडे मागितले.

31 जानेवारी 1954, रविवार. हा पहिला जागतिक कुष्ठरोग दिन. हाच काळ निवडण्याला कारण होते. त्या वेळच्या लॅटिन उपासनाविधीत तीन राजांच्या सणानंतरच्या तिसऱ्या रविवारी मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाचे वाचन असे. प्रभू येशू डोंगरावरून खाली उतरतो आणि एक कुष्ठरोगी त्याच्या पाया पडतो, तो प्रसंग. (पुढे वाचनांचा क्रम तीन वर्षांचा झाला आणि असेच वाचन मार्ककृत शुभवर्तमानातून दुसऱ्या रविवारी येऊ लागले.) त्या प्रसंगात प्रभू नुसता शब्द बोलून रोग्याला बरे करू शकला असता. लगेच पुढच्याच प्रसंगात शताधिपतीचा चाकर तो दुरूनच बरा करतो. परंतु कुष्ठरोग्याच्या बाबतीत तो आधी हात पुढे करतो आणि त्याला स्पर्श करतो. मोशेच्या नियमाप्रमाणे ज्याला शिवणे निषिद्ध, त्याला शिवतो. जानेवारी महिन्यात जगातल्या लाखो चर्चमध्ये हे वाचन होणार, धर्मगुरू त्यावर प्रवचन देणार, हे फोलेरो यांनी हेरले होते. वाचन होतेच, प्रवचन होतेच. त्याला कृतीची जोड हवी होती.

या दिवसाचे त्यांनी दोन हेतू सांगितले. पहिला, कुष्ठरुग्णाला इतर कुठल्याही आजाऱ्यासारखे वागवले जावे. दुसरा, निरोगी माणसांना त्यांच्या अकारण भीतीतून बरे करावे. हा दुसरा हेतू बारकाईने पाहिला पाहिजे. बहुतेक दिन आजाऱ्यांसाठी असतात. या दिवशी रुग्ण म्हणून आपण, निरोगी माणसे, धरलेलो आहोत. वर्गणी गोळा करणे हे फोलेरो यांच्या लेखी दुय्यम होते. त्या रविवारी लोकांनी वसाहतीत जावे, रुग्णांशी हात मिळवावा, त्यांच्याबरोबर जेवावे, ही त्यांची अपेक्षा होती. ते स्वतः तेच करत. जिथे जातील तिथे हातमोजे न घालता, बोटे झडलेला हात हातात घेत, मिठी मारत. डॉक्टर मंडळी चुळबुळत, फोटोवाले फोटो काढत. यात थोडा देखावा होता काय? असेल. भीती डोळ्यांनी शिकली जाते, ती डोळ्यांनीच विसरायची असते, असे त्यांना वाटत असावे. पहिल्या वर्षीच अनेक देशांत दिवस पाळला गेला आणि कित्येक वसाहतींमध्ये बाहेरची माणसे पहिल्यांदाच आत गेली.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि रशियाचे पंतप्रधान मालेन्कोव्ह यांना पत्रे लिहिली. प्रत्येकाने एकेक बॉम्बफेकी विमान द्यावे, एवढीच विनंती. त्या दोन विमानांच्या किमतीत जगातल्या सगळ्या कुष्ठरुग्णांवर उपचार होतील, असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही बलाढ्य राष्ट्रांकडून विमाने आली नाहीत. पत्राला उत्तरही आले नाही. काही वर्षांनी त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. पुढे 1964 पासून त्यांनी तरुणांना हाताशी धरले आणि प्रत्येक देशाने युद्धखर्चाचा एका दिवसाचा पैसा शांतीच्या कामाला द्यावा, अशी मागणी करणारी लाखो पत्रे संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेली. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस कॉलेजच्या मुलांत जास्त रमू लागला होता.

आपल्या देशात हा दिवस 30 जानेवारीला पाळतात, कारण ती महात्मा गांधींची पुण्यतिथी. त्यामागेही एका स्पर्शाची हकिकत आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन 1939 मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीशेजारी झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्येच कुष्ठधाम सुरू केले होते. पुढे वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. केंद्र सरकारने 30 जानेवारी 2017 रोजी जी जागृती मोहीम सुरू केली, तिचे नावच 'स्पर्श' असे आहे. कधी कधी जानेवारीचा शेवटचा रविवार नेमका 30 तारखेला येतो आणि हे दोन्ही दिवस एक होतात. 2022 मध्ये तसे झाले होते.

फोलेरो यांनी 1952 मध्ये मागितलेल्या गोष्टीचे काय झाले? संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने कुष्ठरोगाने बाधित व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव संपवण्याबाबतची तत्त्वे डिसेंबर 2010 मध्ये विचारात घेऊन देशांपुढे ठेवली. अठ्ठावन्न वर्षे गेली. आपल्याकडेही घाई नव्हती. कुष्ठरुग्णांना पकडून वसाहतीत डांबण्याची मुभा देणारा 1898 चा इंग्रजी अमदानीतील कायदा 2016 मध्ये रद्द झाला. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी आपल्याच घरातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याला लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोटाच्या कायद्यात 2001 साली सुधारणा झाली, तेव्हा पतीला किंवा पत्नीला असाध्य कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्यात घातले गेले. त्या वेळी हा रोग असाध्य न राहून वीस वर्षे झाली होती, कारण 1981 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार ठरवून दिला होता. आजारपणात आणि आरोग्यात एकमेकांना अंतर न देण्याचे वचन वेदीसमोर देणाऱ्या समाजाच्या कायद्यात ही ओळ अठरा वर्षे राहिली. 2019 मध्ये संसदेने ती काढली, तशीच इतर धर्मीयांच्या कायद्यांतूनही काढली.

आजची स्थिती थोडक्यात अशी. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर 2005 मध्ये गाठले आणि त्यानंतर रोग संपला असाच बऱ्याच जणांचा समज झाला. परंतु 2023 या एका वर्षात जगात सुमारे 1 लाख 83 हजार नवे रुग्ण सापडले आणि त्यांतले सुमारे 1 लाख 8 हजार आपल्या देशात होते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, तो खाजत नाही, दुखत नाही, तिथे टाचणी टोचली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. (पांढरे कोड हा निराळा प्रकार आहे, त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही.) सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो आणि गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते. उशीर झाला तर मात्र नसा निकामी होतात आणि वाकडी झालेली बोटे रोग गेल्यावरही तशीच राहतात. उशीर का होतो, याचे उत्तर दवाखान्यात सापडत नाही. ते घरात, शेजारात, लग्नाच्या बोलणीत सापडते. मुलीच्या पाठीवरचा चट्टा आई पदराखाली झाकते, कारण डॉक्टरकडे गेलो तर लोकांना कळेल. रक्तपिती, महारोग हे शब्द आपल्या बोलीत आजही शिवीसारखे वापरले जातात.

फोलेरो यांना तीन औषधांचा तो उपचार पाहायला मिळाला नाही. त्यांनी सुरू केलेल्या आणि त्यांच्या नावाच्या संस्था युरोपात ठिकठिकाणी निघाल्या होत्या. 1966 मध्ये त्यांनी बेल्जियमच्या आणि स्वित्झर्लंडच्या दोन सहकाऱ्यांसह या संस्थांचा एक संघ बांधला. पुढे तोच आंतरराष्ट्रीय संघ झाला आणि कुष्ठरोगाच्या कामाला तो आजही मदत करतो. रोमला पोपमहोदय जानेवारीच्या त्या रविवारी दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी कुष्ठरुग्णांची आठवण काढत आले आहेत, आणि मिशन क्षेत्रातल्या कित्येक धर्मभगिनींच्या दवाखान्यांना वर्षाचा मोठा आधार याच रविवारच्या दानातून मिळाला आहे.

शेवटच्या दिवसांत त्यांनी मृत्युपत्र केले. नावावर मालमत्ता अशी नव्हतीच. पुस्तकांचे पैसे येत ते कुष्ठरुग्णांकडे जात. म्हणून त्यांनी जगातल्या तरुण-तरुणींना आपले वारस नेमले आणि जे काम आपल्या हातून अपुरे राहिले ते त्यांच्या नावे करून दिले. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला, असल्या वारसाची नोंद कुठल्याच कचेरीत होणार नाही, हे ठाऊक असणारच.

6 डिसेंबर 1977 रोजी पॅरिसमध्ये राऊल फोलेरो यांचे निधन झाले. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, 29 जानेवारी 1978 रोजी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पंचविसावा जागतिक कुष्ठरोग दिन आला आणि तो त्यांच्याशिवाय पाळला गेला. मादलेनबाई त्यानंतरही बरीच वर्षे हयात होत्या.